गाडी मिसिंग मारतेय? आधी निदानाचे पैसे द्या, पार्टचे नंतर

सिग्नलला उभी असलेली गाडी थरथरायला लागते. आरशातलं चित्र हलतं, सायलेन्सरमधून तुटक फटफट ऐकू येते, आणि सिग्नल सुटून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देत निघते. खंबाटकी घाटाच्या चढाला तर तिसऱ्या गिअरमध्ये जीवच उरत नाही. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला असतो. गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो, ‘मिसिंग आहे साहेब. प्लग, कॉइल टाकून बघू.’

टाकून बघायला त्याची काहीच हरकत नसते, कारण टाकलेल्या प्रत्येक पार्टचे पैसे तुमच्या खिशातून जातात. मिसिंगची तक्रार एकच, पण तिचा खर्च दोन-तीनशे रुपयांत भागू शकतो आणि साठ-सत्तर हजारांवरही जाऊ शकतो. आपली गाडी यातल्या कोणत्या टोकाला आहे हे कळायला हजारेक रुपये आणि तासभर वेळ पुरतो. हे हजार रुपये वाचवायला जाणारेच पुढे पंधरा-वीस हजारांचं बिल घेऊन बसतात.

इथे दिलेले दर महाराष्ट्रातल्या शहरांत वॅगनआर, स्विफ्ट, आय टेन, टियागो अशा छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी साधारणपणे सांगितले जातात तसे आहेत. गावागणिक आणि मॉडेलगणिक फरक पडणारच, म्हणून नेमक्या आकड्यापेक्षा कोणतं काम कोणत्या पट्टीतलं आहे ते बघा. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो. तिचं दुखणं वेगळं आणि इंजेक्टरचा खर्चही फार मोठा, म्हणून ती इथे घेतलेली नाही.

दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय?

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. एखाद्या सिलिंडरमध्ये हे पेटणं हुकलं की मिसिंग. चार सिलिंडरच्या गाडीत एक रुसला तरी बाकीचे तीन ओढून नेतात. आल्टो के टेन किंवा टियागोसारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून तिथे थरथर जास्त जाणवते.

खरा धोका थरथरीचा नाही. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पडतं. त्याच्या आत बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा लेप असतो. पेट्रोल तिथे पोहोचून जळायला लागलं की जाळी लाल होते, वितळते, आणि पुढे एक्झॉस्टच चोंदतो. ओरिजिनल कन्व्हर्टर बदलायला मॉडेलनुसार २० ते ६० हजार रुपये लागतात. म्हणजे दोन हजारांच्या कॉइलकडे काणाडोळा केला म्हणून पन्नास हजारांचा फटका.

दिवा स्थिर लागलेला असेल तर गाडी हळू, कमी आरपीएमवर गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर कन्व्हर्टरला इजा होण्याइतकं मिसिंग चालू आहे असं गाडीचा कॉम्प्युटर सांगतोय. एसी बंद करा, ॲक्सिलरेटर सोडा, आणि तरीही दिवा लुकलुकतच राहिला तर गाडी बाजूला घेऊन टो करून न्या. शहरातल्या शहरात टोइंगला दीड ते तीन हजार रुपये पडतात. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर तेही पडत नाहीत; पॉलिसीच्या कागदावर त्याचा नंबर असतो, पण बहुतेकांना तो गाडी बंद पडल्यावरच शोधावा लागतो.

गाडी कधी अडखळते, ते आधी टिपा

डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर तपासण्या वाढतात. गॅरेजमध्येही तेच होतं. जाण्याआधी एक-दोन दिवस गाडीकडे लक्ष द्या. फक्त चढाला किंवा ओव्हरटेक करताना अडखळत असेल तर पहिला संशय ठिणगीवर, म्हणजे प्लग आणि कॉइलवर. कारण इंजिनावर भार आला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि दुबळी कॉइल तिथेच माघार घेते. उभ्या गाडीत थरथर आणि पळवली की सुरळीत, असं असेल तर कुठून तरी जादा हवा आत येत असावी, थ्रॉटल बॉडी मळली असावी किंवा वॉल्व्ह नीट बसत नसावा. सकाळी थंड इंजिनात पाच मिनिटं मिसिंग आणि मग ठीक, तर इंजेक्टर, वॉल्व्ह आणि हेड गॅस्केट या तिघांकडे बघावं लागतं. त्याच वेळी कूलंटची पातळीही खाली जात असेल तर गॅस्केटचा संशय वर येतो.

आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचारा: मिसिंग सुरू झालं त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? गाडी धुतली होती का, पेट्रोल भरलं होतं का, सर्व्हिसिंग करून आणली होती का? सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेलं मिसिंग बऱ्याचदा नीट न बसवलेल्या कनेक्टरचं किंवा निसटलेल्या व्हॅक्युम पाइपचं असतं. त्याचे पैसे द्यायचे नसतात; गाडी परत त्यांच्याच दारात उभी करायची असते.

स्कॅनर काय सांगतो, काय नाही सांगत

भारत स्टेज ४ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की कोड दिसतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यात, याच क्रमाने पुढे. ‘पी ०३००’ म्हणजे एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी किंवा कुठेही. हा फरक पैशाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या सामानात असतो: त्याचा प्लग, त्याची कॉइल, त्याचा इंजेक्टर किंवा त्याचं कॉम्प्रेशन. ‘पी ०३००’ असेल तर सगळ्यांना सामायिक असलेल्या गोष्टी बघायच्या: पेट्रोलचा दाब, खराब इंधन, हवेची गळती, झिजलेला प्लगचा पूर्ण सेट.

स्कॅनिंगला बाहेरच्या गॅरेजमध्ये तीनशे ते पाचशे, अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाचशे ते हजार रुपये घेतात. ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर पाचशे ते दीड हजारांत मिळतो. घरात दोन गाड्या असतील तर तो घ्यायला हरकत नाही.

कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंदही असते: दोष आला तेव्हा वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं. बरेच मेकॅनिक बॅटरीची वायर काढून दिवा घालवतात आणि गाडी बरी झाली म्हणून हातात देतात. दिवा जातो, नोंद जाते, दोष तिथेच राहतो. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि पुढच्या मेकॅनिकच्या हाती काहीच पुरावा उरत नाही.

मात्र कोड हे निदान नव्हे. ‘पी ०३०३’ तिसरा सिलिंडर नापास झाला एवढंच सांगतो, कॉइल खराब आहे असं म्हणत नाही. कोड वाचून थेट पार्टची यादी करणारा माणूस निदानाचे पैसे घेऊन अंदाज विकतो आहे.

दहा मिनिटांची अदलाबदल

दोष नेमका कशात आहे हे शोधायच्या सर्वांत स्वस्त रीतीला स्कॅनरशिवाय दुसरं कुठलंही यंत्र लागत नाही. आजकालच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. एक बोल्ट, एक कनेक्टर, की कॉइल हातात. तिसऱ्या सिलिंडरचा कोड असेल तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी एखाद्या चढावर फिरवून आणायची. आता ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेलेली. ‘पी ०३०३’ जागेवर राहिला तर कॉइल निर्दोष. मग तीच अदलाबदल प्लगची करायची. तरीही कोड हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

मजुरी द्यायचीच म्हटली तर दोन-तीनशे रुपये. गॅरेजमध्ये शिरताना एवढंच म्हणा, ‘आधी कॉइल अदलाबदल करून बघा, मग पार्ट मागवू.’ या वाक्याने समोरचा माणूस सावध होतो. बॉनेटखालचं काहीच कळत नसलं तरी चालेल, हे वाक्य पाठ करा. जुन्या गाड्यांत एकाच कॉइलमधून जाड एचटी लीड प्लगांकडे जातात. तिथे अंधारात इंजिन चालू ठेवून लीडवर निळ्या ठिणग्या दिसतात का ते बघतात. दिसल्या तर सेट बदलायचा, सहाशे ते दीड हजार रुपये. ती वायर चालू इंजिनात हाताने धरू नका. झटका जबर असतो.

प्लग हातात घेऊन बघा

अदलाबदल करताना प्लग बाहेर आलाच तर मेकॅनिकला तो बाजूला ठेवू देऊ नका, हातात घ्या. टोकाचा रंग बिस्किटी असेल तर तो सिलिंडर नीट जळतो आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. टोक ओलं असून पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीच पडत नाही. चिकट, तेलकट काळा थर असेल तर ऑइल आत येतंय, आणि ती बातमी चांगली नाही. टोक पांढरंफटक, खरबरीत झालं असेल तर मिश्रणात हवा जास्त किंवा इंजिन फार तापतंय.

मग वरचं पांढरं पोर्सेलिन उजेडात फिरवून बघा. त्यावर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर वीज टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरून बाहेरच्या बाजूने निसटते आहे. असा प्लग पुसून चालत नाही, बदलावाच लागतो; आणि त्यावर बसणाऱ्या कॉइलच्या रबरी बुटाच्या आतही तशीच रेघ किंवा पांढरट पूड असेल तर बूटही बदलायचा. फक्त प्लग नवा टाकला तर जुना बूट त्यावर महिन्याभरात पुन्हा रेघ काढतो. काही कॉइलना बूट सुटा मिळतो, दोन-तीनशे रुपयांत काम होतं. दुकानदार ‘पूर्ण कॉइलच घ्यावी लागेल’ म्हणाला तर एकदा दुसऱ्या दुकानात विचारा.

शेवटी प्लग जिथून निघाला त्या खड्ड्यात टॉर्च मारा. पाणी असेल तर ते बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतल्याचं किंवा धो-धो पावसाचं. कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवलं की गाडी सरळ होते, शंभर ते तीनशे रुपये. ओळखीचा माणूस तेवढेही घेत नाही. खड्ड्यात ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं गेली आहेत. सामान चारशे ते नऊशे, मजुरी पाचशे ते हजार. ही गळती तशीच ठेवून नवी कॉइल टाकली तर ऑइल तिचंही रबर खाणार. त्याच गाडीत त्याच जागची कॉइल दुसऱ्यांदा गेली असेल तर हे आधी बघा.

साधा निकेल प्लग शंभर ते अडीचशे रुपयांना मिळतो आणि साधारण २० ते ४० हजार किलोमीटर चालतो. इरिडियम प्लग साडेचारशे ते नऊशे, पण तो ८० हजार ते एक लाखापर्यंत जातो. गाडीच्या पुस्तिकेत जो दिला असेल तोच घ्या. प्लग नेहमी पूर्ण सेट बदलावा, कारण सगळे सारखेच झिजलेले असतात. इंजिन थंड असतानाच तो काढावा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना जोर लावला की आटे जातात आणि ते परत करायला दीड ते तीन हजार लागतात. इरिडियमचं टोक घासायचं नसतं, त्याची गॅप ठोकून जुळवायची नसते. पॉलिश पेपर घेऊन येणाऱ्याला तिथेच थांबवा.

एका एस्टिमेटची चिरफाड

चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, ७२ हजार किलोमीटर चाललेली, कोड ‘पी ०३०३’. अशा गाडीला सर्व्हिस सेंटरवर मिळणारं एस्टिमेट साधारण असं असतं, सगळं करासह: स्कॅनिंग ७००, चार इरिडियम प्लग २,८००, चार कॉइल ७,६००, इंजेक्टर क्लीनिंग १,५००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९००, इंजिन डीकार्बनायझिंग १,८००, मजुरी १,५००. एकूण १६,८०० रुपये.

यातलं काय ठेवायचं? स्कॅनिंग ठेवा. प्लग ठेवा, कारण ७२ हजारांवर तसेही ते बदलायला आलेलेच आहेत. चार कॉइलना मात्र नकार द्या. ‘एक गेली म्हणजे बाकीच्याही जाणार’ हा युक्तिवाद नेहमी ऐकायला मिळतो. जाईलही एखादी, पण कधी ते कुणी सांगू शकत नाही, आणि ती बदलायला दहा मिनिटं लागतात, तेव्हा बदलू. अदलाबदलीत जी कॉइल दोषी ठरली ती एकच, १,९०० रुपये. इंजेक्टर क्लीनिंग आत्ता नको. कॉइल बदलूनही मिसिंग राहिलं तरच त्याचा विचार. थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करणं चांगलंच, पण एका सिलिंडरच्या मिसिंगशी तिचा संबंध नाही. ती हवा चारही सिलिंडरना देते. डीकार्बनायझिंग सरळ खोडा. मिसिंगच्या तक्रारीवर ते विकणं म्हणजे पोटदुखीवर केस कापून देणं आहे. काम निम्म्याहून कमी झालं म्हणून मजुरीही सहाशेवर येते. झाले सहा हजार. प्लग अलीकडेच बदललेले असतील तर ३,२००.

कॉइलच्या बाबतीत स्वस्ताईच्या मागे लागू नका. पाच-सातशे रुपयांच्या बिननावाच्या कॉइल पहिल्या उन्हाळ्यात मान टाकतात. ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीची कॉइल छोट्या गाड्यांसाठी १,२०० ते २,५०० रुपयांत येते. पुण्यात नाना पेठेसारख्या पार्टच्या बाजारात स्वतः जाऊन घेतली तर थोडी सूटही मिळते. पण बिल घ्या, आणि डबीवर उत्पादकाचं नाव आणि एमआरपी छापलेली आहे ना ते बघा. नकली प्लगांचा सुळसुळाट आहे. निम्म्या किमतीत इरिडियम मिळत असेल तर तो इरिडियम नसतो.

सीएनजीवाल्यांसाठी

सीएनजी गाडीच्या मालकाच्या हातात निदानाचं एक फुकट साधन असतं: ते पेट्रोल-गॅसचं बटण. गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर सुरळीत; पेट्रोलवर मिसिंग, गॅसवर सुरळीत; किंवा दोन्हींवर मिसिंग. या तिन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत.

फक्त गॅसवर अडखळत असेल तर लगेच किटवाल्याकडे धावू नका. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे झिजत आलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. म्हणून आधी प्लग बघा. सीएनजीवर ते लवकर झिजतात, आणि पुस्तिकेत गॅसच्या गाडीसाठी वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळा. प्लग-कॉइल ठीक निघाल्या तर गॅसचा फिल्टर, दीडशे ते चारशे रुपये. त्यानंतर गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्यूसरची सर्व्हिसिंग, आठशे ते दोन हजार. गॅसच्या इंजेक्टरची रेल सगळ्यांत शेवटी, तीन ते सात हजार. टाकीत गॅस सुमारे २०० बारच्या दाबाने भरलेला असतो. त्या बाजूचा एकही नट घरी किंवा नेहमीच्या मेकॅनिककडून उघडून घ्यायचा नाही. अधिकृत किटवालाच. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का तेही त्या निमित्ताने बघून घ्या.

फक्त पेट्रोलवर अडखळणाऱ्या गाडीचा मालक बहुधा काटकसरी असतो. महिनोन्महिने पेट्रोलवर गाडी चालवलेलीच नसते, टाकीत तळाशी पाच लिटर शिळं पेट्रोल असतं आणि इंजेक्टरच्या तोंडाशी चिकटा धरलेला असतो. इंजेक्टर काढून मशीनवर साफ करायला सेटचे आठशे ते दीड हजार लागतात. बदलायची वेळ आली तर एकेक दीड ते चार हजारांचा. त्यापेक्षा रोज पाच-सात किलोमीटर पेट्रोलवर चालवणं आणि टाकी निदान पाव भरलेली ठेवणं स्वस्त.

दोन्हींवर मिसिंग असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. गॅसवर लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीत वॉल्व्हची बैठक झिजून टॅपेटची गॅप कमी होते, वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. ज्या इंजिनात टॅपेट जुळवता येतात तिथे हे काम आठशे ते दोन हजारांत होतं आणि गाडी पुन्हा ओढायला लागते. हे न तपासता ‘हेड खोलावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर दुसरीकडे दाखवा.

पाणी आणि उंदीर

पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि गाडीचा पंप ओढतो तळातूनच. पेट्रोल भरून दोन-चार किलोमीटरवर गाडी अडखळायला लागली, कोड ‘पी ०३००’ आला, तर संशय घ्या आणि पार्ट बदलू नका. टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवलं की दोन थर दिसतात. टाकी रिकामी करून धुवायला पाचशे ते दीड हजार. पेट्रोलची पावती आणि ती बाटली ठेवा, पंपाच्या तक्रारवहीत लिहा, तेल कंपनीकडे कळवा. फिल्टर पेपरची चाचणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे आणि पंपाला ती करून दाखवावी लागते.

पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर येतात आणि इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या वायरी कुरतडतात. काल ठीक असलेली गाडी आज सकाळी तीनच सिलिंडरवर चालत असेल तर आधी वायरी नजरेखालून घाला. तुटलेली वायर जोडायला दोन-पाचशे रुपये लागतात. पूर्ण हार्नेस बदलायचा सल्ला आठ-दहा हजार किंवा जास्तीचा असतो आणि क्वचितच खरा असतो.

मोठा खर्च कधी खरा

प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर सगळं तपासून झालं आणि तोच सिलिंडर अडून बसला, तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. तीनशे ते आठशे रुपये. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून मागा. साधारण १५० ते २०० पीएसआय दिसतं, पण खरं बघायचं ते सिलिंडरांमधलं अंतर. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर दोष आत आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. हेड गॅस्केटचं काम आठ ते वीस हजारांचं, पूर्ण ओव्हरहॉल ३५ ते ८० हजारांचं. दहा-बारा वर्षांच्या गाडीवर ओव्हरहॉल करण्याआधी ती गाडी आज कितीला विकली जाईल ते विचारून घ्या. किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर मी गाडीचा दोष सांगून आहे तशी विकायच्या मताचा आहे. आणि कॉम्प्रेशनचे आकडे न दाखवता इंजिन खोलणाऱ्याच्या हातात चावी देऊ नका. ‘ईसीयू’, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला म्हणणाऱ्याकडेही असाच पुरावा मागा.

बिल हातात आल्यावर

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर कुठेही हात लावू देऊ नका. कॉइल, इंजेक्टर सहसा वॉरंटीत बसतात, प्लग झिजणारा म्हणून बसत नाही. वॉरंटी संपलेली असेल तर मिसिंगसारख्या कामाला अनेक कंपन्यांच्या गाड्या बघणारं, स्कॅनर असलेलं आणि लेखी एस्टिमेट देणारं गॅरेज पुरेसं आहे. जॉब कार्डवर ‘निदानानंतर फोनवर परवानगी घेऊनच पार्ट बदलावेत’ असं स्वतःच्या हाताने लिहा. जुने पार्ट परत मागा, ते तुमचे आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, मजुरीवरही १८ टक्के. पण डबीवरची एमआरपी सर्व करांसह असते. एमआरपी लावून त्यावर पुन्हा जीएसटी जोडलेला असेल तर ते बेकायदा आहे. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर त्या गॅरेजला कर घेण्याचा अधिकारच नाही.

पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी एखाद्या चढावर न्या, एसी लावून ओढा, परत येऊन स्कॅनर लावायला सांगा. कोड नसेल तरच चावी घ्या. बिलावर बदललेल्या प्रत्येक पार्टचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्या.

फसवणूक झाली असं वाटलं तर आधी गॅरेजला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दावा दाखल करता येतो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.